पाणी वाचणारी माणसं

 

गेले काही भाग आपण लढायांबद्दल बोललो. आज लढाई नाही. आज विषय आहे मासेमारीचा, आणि तीही अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, गुडघाभर समुद्रात, गाइड बरोबर घेऊन केलेल्या मासेमारीचा. निवृत्त फौजी माणसाला हे कुठून सुचलं, असं तुम्हाला वाटेल. त्याचं उत्तर द्यायला आधी कच्छला जावं लागेल.

मी तेव्हा कॅप्टन होतो. एका सरावाच्या निमित्ताने कच्छच्या खाड्यांमध्ये टेहळणीला गेलो होतो. मी, सहा जवान, एक वायरलेस सेट आणि होडी चालवायला एक म्हातारा स्थानिक नावाडी. माझ्याजवळ नकाशा होता, होकायंत्र होतं आणि भरती-ओहोटीचं छापील कोष्टक होतं. नावाड्याजवळ एक बांबू होता. सकाळी अकराच्या सुमारास तो म्हणाला, "साहेब, पाणी चाललं. निघू या." मी कोष्टक बघितलं. त्याप्रमाणे अजून तासभर पुरेसं पाणी असायला हवं होतं. मी म्हटलं, "थांबू."

ते कोष्टक बंदरासाठी केलेलं होतं. आम्ही होतो त्या खाडीचा, तिथल्या वाऱ्याचा आणि चिखलाच्या उंचवट्यांचा हिशोब त्यात कुठून असणार? अर्ध्या तासात होडीचा तळ चिखलाला लागला. खाली उतरावं तर माणूस मांडीपर्यंत रुतायचा. पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे अंधार पडेपर्यंत, आम्ही उन्हात अडकलो. प्यायचं पाणी दुपारीच संपलं. त्यातल्या सर्वांत लहान जवानाला ऊन लागलं. तो बरळायला लागला. नावाड्याने आपलं पागोटं सोडलं, खाडीच्या गढूळ पाण्यात भिजवलं आणि दर पाच-दहा मिनिटांनी त्याच्या डोक्यावर आणि छातीवर पिळत राहिला. तो पोरगा वाचला. पण त्या रात्री मी रिपोर्टमध्ये काय लिहिलं, ते शेवटी सांगतो.

अकरा वाजता, चाळीस फूट

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं मुलीकडे मायामीला गेलो होतो. जावयाने वाढदिवसाची भेट म्हणून मला एका दिवसाची गाइडसोबतची मासेमारी दिली. ठिकाण होतं इस्लामोराडा. मायामीच्या खाली बेटांची एक लांब माळ समुद्रात वळत जाते. तिला फ्लोरिडा कीज म्हणतात. इस्लामोराडा हे त्या माळेतलं एक गाव. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला फ्लोरिडा बे नावाची उथळ, पसरट खाडी. मैलोन् मैल पाणी, आणि ते घोट्यापासून कमरेपर्यंत. खाली वाळू, चिखल आणि समुद्री गवताची कुरणं. अशा जागांना तिथे 'फ्लॅट्स' म्हणतात.

गाइड सत्तरीच्या आसपासचा, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा. होडी अगदी हलकी, चपटी. सकाळी इंजिनावर जोरात गेलो, मग एका ठिकाणी त्याने इंजिन बंद करून वर उचललं. होडीच्या मागच्या टोकाला, इंजिनाच्या वर, एक छोटा चौथरा असतो. त्यावर तो चढला आणि वीसेक फुटांच्या काठीने होडी रेटायला लागला. आवाज जवळपास नाही. मी पुढच्या टोकावर गळाची काठी घेऊन उभा.

इथे गळ टाकून वाट बघत बसायचं नसतं. आधी मासा दिसला पाहिजे, मगच दोरी फेकायची. शिकार होते ती नजरेने. मुख्य मासा बोनफिश. त्याचे खवले आरशासारखे, त्यामुळे खालच्या वाळूचा आणि गवताचाच रंग तो घेतो. मासा दिसत नाही, दिसते ती तळावर सरकणारी त्याची सावली. भरतीचं पाणी चढायला लागलं की तो खोल पाण्यातून या कुरणांवर येतो, तोंड चिखलात खुपसून खेकडे, कोळंबी, किडे उकरतो. पाणी अगदीच कमी असलं तर त्या वेळी त्याची शेपटी पाण्याबाहेर चमकते. ओहोटी लागली की परत.

गाइड हळूच म्हणाला, "अकरा वाजता, चाळीस फूट, डावीकडे चाललाय."

मंडळी, माझ्या अंगावर काटा आला. होडीचं टोक म्हणजे बारा वाजले, त्यावरून दिशा सांगायची. फौजेत जवानाला टार्गेट दाखवताना आम्हीही घड्याळाचे तास वापरतो. आयुष्यभर मी दुसऱ्यांना "दोन वाजता, झाडाच्या बुंध्याशी" असं सांगत आलो. आणि आता कोणीतरी मला सांगत होतं, आणि मला काही दिसत नव्हतं. पोलराइज्ड चष्मा डोळ्यांवर होता, पाणी काचेसारखं होतं, मासा चाळीस फुटांवर होता, आणि मला फक्त पाणी दिसत होतं.

दिवसभरात त्याने मला वीस-बावीस मासे दाखवले. मला त्यातले चार दिसले. एक गळाला लागला, त्याने शंभर यार्ड दोरी पळवली आणि तो सुटला.

शिकारीला निघालेले साहेब आणि त्यांच्यामागे बंदूक घेऊन चालणारा शिकारी, हे चित्र आपल्या ओळखीचं आहे. इथे उलटं असतं. पैसे देणारा खाली उभा, गाइड त्याच्या मागे आणि त्याच्याहून उंच. कुठे जायचं, कधी थांबायचं, दोरी केव्हा टाकायची, सगळं तो ठरवतो. त्या होडीवर कमांड त्याच्याकडे असते. ही पद्धत कशी घडली, हे मी परतल्यावर वाचायला लागलो. वाचता वाचता लक्षात आलं की हा इतिहास माशांचा कमी आहे. पाणी ज्याला कळतं त्याचं कोणी ऐकलं आणि कोणी ऐकलं नाही, याचाच तो जास्त आहे.

रेल्वे, लेखक आणि पोर्गी कीचे भाऊ

सुरुवात रेल्वेपासून होते. हेन्री फ्लॅगलर नावाच्या धनाढ्य माणसाने १९०५ मध्ये या बेटांवरून समुद्र ओलांडणारी रेल्वे बांधायला घेतली. २२ जानेवारी १९१२ ला पहिली गाडी टोकाच्या की वेस्टला पोहोचली. लाँग की या बेटावर कामगारांच्या छावणीच्या जागी रेल्वेने मासेमारीचं विश्रामस्थान उभारलं. न्यूयॉर्कचे श्रीमंत झोपायच्या डब्यातून थेट समुद्राच्या मध्ये उतरू लागले. १९१७ मध्ये तिथल्या क्लबचा पहिला अध्यक्ष झाला झेन ग्रे, काउबॉय कादंबऱ्यांचा त्या काळचा अतिशय लोकप्रिय लेखक. बहुतेक पाहुणे खोल समुद्रातल्या मोठ्या माशांसाठी यायचे. ग्रे मात्र उथळ पाण्यातल्या या लाजाळू बोनफिशच्या नादी लागला आणि त्याने त्यावर लिहिलं. आजवर खायलाही फारसा कामाचा नसलेला हा काटेरी मासा अचानक प्रतिष्ठेचा झाला.

पण तो दाखवणार कोण? तर तिथले रहिवासी. यांतले बरेच बहामा बेटांतून आलेल्या कुटुंबांतले. ते समुद्रतळावरचे स्पंज काढून विकायचे. तळाशी काच बसवलेली बादली पाण्यात धरून खाली बघायचं आणि लांब काठीने होडी रेटायची, हे त्यांचं रोजचं काम. म्हणजे आज ज्या कौशल्यासाठी लोक दिवसाला शेकडो डॉलर मोजतात, ते पोटासाठी शिकलेलं होतं.

या सगळ्यांत मला सर्वांत मोठा वाटतो तो लान्सलॉट जोन्स. त्याचे वडील, इस्राएल लाफायेट जोन्स, गुलामगिरीत जन्मलेले. त्यांनी १८९७ मध्ये मायामीच्या दक्षिणेला, बिस्केन उपसागरातलं पोर्गी की नावाचं बेट ३०० डॉलरला विकत घेतलं आणि अननस व लिंबांची शेती केली. मुलांची नावं ठेवली आर्थर आणि लान्सलॉट, इंग्रजी दंतकथेतला राजा आणि त्याचा सरदार. गुलाम म्हणून जन्मलेल्या बापाने मुलांना राजेशाही नावं द्यावीत, यात काय काय आलं ते तुम्हीच बघा.

शेजारच्या बेटावर १९२२ मध्ये मायामी बीच वसवणाऱ्या कार्ल फिशरने कोकोलोबो नावाचा क्लब काढला. उद्योगपती आले, राजकारणी आले, वॉरन हार्डिंग आणि हर्बर्ट हूवर यांच्यासारखे राष्ट्राध्यक्षही येऊन गेले. त्यांना बोनफिश दाखवायला लागायचे जोन्स बंधू. तो काळ लक्षात घ्या. मायामीत काळ्या माणसांना गोऱ्यांच्या किनाऱ्यावर पाय ठेवता येत नव्हता. त्यांच्यासाठीचा पहिला अधिकृत सार्वजनिक किनारा, व्हर्जिनिया कीचा, १९४५ मध्ये सुरू झाला. म्हणजे ज्या लान्सलॉटला शहरातल्या किनाऱ्यावर बंदी होती, त्याच्या बोटाच्या इशाऱ्याकडे बघत देशातले सर्वांत वजनदार लोक समुद्रात उभे राहायचे.

पुढे १९६० च्या दशकात या बेटांवर डोळा पडला तो बिल्डरांचा. तिथे इस्लांडिया नावाचं शहर वसवायचं, पूल बांधायचा, किनाऱ्यावर तेलशुद्धीकरणाचा कारखाना आणि बंदर करायचं, असे बेत होते. विरोध वाढला तेव्हा काही जणांनी एलियट की या बेटाच्या पाठीवरून बुलडोझरने सहा पदरी रुंदीचा पट्टा साफ करून टाकला. लोकांनी त्याला नाव दिलं, 'खुन्नस महामार्ग'. अखेर १८ ऑक्टोबर १९६८ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने हा भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून राखला गेला. लान्सलॉट जोन्सने आपली जमीन बिल्डरांना दिली नाही. १९७० मध्ये त्याने ती सुमारे पावणेतेरा लाख डॉलरला राष्ट्रीय उद्यान विभागाला विकली, मरेपर्यंत तिथे राहण्याचा हक्क राखून. म्हातारपणी तो शाळेच्या मुलांना स्पंज आणि खाडीतले जीव दाखवायचा. १९९२ च्या अँड्र्यू वादळाने घर मोडलं तेव्हा तो शहरात आला. १९९७ मध्ये, ९९ व्या वर्षी गेला. तो सगळा भाग आज बिस्केन राष्ट्रीय उद्यान आहे.

२ सप्टेंबर १९३५

आता इस्लामोराडाकडे परत येऊ. मासेमारी संपवून आम्ही परतत होतो, तेव्हा जावयाने महामार्गालगत गाडी थांबवली. तिथल्याच प्रवाळी दगडाचं एक स्मारक आहे. त्यावर वाऱ्याने वाकलेली ताडाची झाडं आणि लाटा कोरल्या आहेत. जवळ जाऊन वाचलं, आणि मी तिथेच खिळून राहिलो. त्याच्याखाली माजी सैनिकांची राख आहे.

ही माणसं पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेली. सरकारने त्यांना बोनस कबूल केला होता, पण तो मिळणार होता १९४५ मध्ये. मंदी आली, नोकऱ्या गेल्या. १९३२ मध्ये हजारो माजी सैनिक वॉशिंग्टनला धरणं धरून बसले. २८ जुलैला जनरल मॅकआर्थरच्या हुकमाखाली सैन्यानेच त्यांना रणगाडे आणि अश्रुधूर वापरून हुसकावलं. ज्यांनी आयुष्यभर वर्दी घातली, त्यांना हे वाक्य वाचायला जड जातं.

त्यातल्याच काही शेकडो बेकारांना पुढे फ्लोरिडा कीजमध्ये रस्त्याच्या आणि पुलाच्या कामावर पाठवलं. इस्लामोराडाच्या आसपास तीन छावण्या, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही फुटांवर, राहायला तंबू आणि कच्च्या झोपड्या. १९३५ चा वादळाचा हंगाम आला. २ सप्टेंबरला, सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, वादळ किनाऱ्याकडे वळलं. बेटांवरची जुनी माणसं आदल्या दिवसापासून खिडक्यांना फळ्या ठोकत होती, होड्या आत घेत होती. त्यांच्या भिंतीवरचा बॅरोमीटर उतरत होता. छावण्यांचे अधिकारी मात्र हवामान खात्याच्या पत्रकांची वाट बघत राहिले, आणि वादळ त्या पत्रकांपेक्षा वेगाने वाढत होतं. सुटकेसाठी रेल्वेगाडी मागवली ती दुपारी. ती मायामीहून निघाली चारनंतर, वाटेत रखडली, आणि रात्री आठच्या पुढे इस्लामोराडाला पोहोचली. त्याच सुमारास सुमारे अठरा फूट उंच पाण्याची भिंत बेटावरून गेली. इंजिन तेवढं रुळावर राहिलं, डबे बाजूला फेकले गेले.

हवेचा दाब ८९२ मिलिबारपर्यंत उतरला होता. अमेरिकेच्या भूमीवर आदळलेल्या वादळांत हे आजही सर्वांत तीव्र मानलं जातं. चारशेहून अधिक माणसं गेली. त्यांत अडीचशेहून अधिक माजी सैनिक. अर्नेस्ट हेमिंग्वे तेव्हा की वेस्टला राहायचा. तो होडीने मदतीला आला, त्याने ती प्रेतं बघितली, आणि या सैनिकांचा खून कोणी केला, असा उघड प्रश्न विचारणारा लेख लिहिला. सरकारी चौकशी अवघ्या काही दिवसांत आटोपली. निष्कर्ष: ही ईश्वरी करणी.

लाँग कीचा क्लब त्या रात्री वाहून गेला. रेल्वे पुन्हा उभी राहिली नाही. तिच्या पुलांवरूनच १९३८ मध्ये मोटारींचा रस्ता खुला झाला. आणि या रस्त्यानेच पुढचा काळ आला.

तीन बहिणी आणि एक बॉम्बरसारखा फलंदाज

उजाड झालेल्या इस्लामोराडात गाइडचा धंदा नव्याने उभा राहिला. पिसांचं, केसांचं हलकं खोटं आमिष, ज्याला 'फ्लाय' म्हणतात, त्यावर मुद्दाम ठरवून पहिला बोनफिश धरण्याचं श्रेय बहुधा कॅप्टन बिल स्मिथला देतात. साल १९३९. त्याची बायको बॉनी स्वतः गाइड होती. तिची बहीण फ्रँकी हीसुद्धा गाइड. तिचा नवरा जिमी ऑलब्राइट तर दंतकथाच झाला. त्याच्या नावाची गाठ आजही जाड आणि बारीक दोरी जोडायला जगभर वापरतात. तिसरी बहीण ब्यूला हीसुद्धा पट्टीची मासेमार. १९४० च्या दशकात पुरुष गिऱ्हाइकांना बाईच्या हुकमाखाली उभं राहायला कसं वाटत असेल, ते विचारू नका. पण मासा दिसायचा तो बाईलाच, त्यामुळे वाद फार चालत नसावा.

जिमीचा नामांकित गिऱ्हाईक टेड विल्यम्स. बेसबॉलमधला हा आपल्या गावसकर-तेंडुलकरांच्या तोडीचा माणूस. पण फौजी म्हणून मला त्याची दुसरी बाजू मोठी वाटते. दोन युद्धांत त्याच्या उमेदीचे जवळपास पाच हंगाम गेले. कोरियात त्याने मरीन वैमानिक म्हणून ३९ मोहिमा केल्या. फेब्रुवारी १९५३ मध्ये गोळ्या लागून पेटलेलं जेट त्याने चाकांशिवाय उतरवलं आणि तो चालत बाहेर आला. खेळत असतानाच तो इस्लामोराडात घर करून राहिला आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच रमला. वाटतं, तिथली शांतता त्याला हवी असावी. चौथऱ्यावरून गाइडने सांगायचं आणि आपण फक्त बघायचं, यात हुकूम द्यावा लागत नाही, याचं सुख मोठं असतं. मी ते एक दिवस अनुभवलं आहे.

चौथऱ्याची कल्पना १९७० च्या दशकातली, बिस्केन उपसागरात काम करणाऱ्या बिल कर्टिस या गाइडची. उंचावर उभं राहिलं की पाण्यात जास्त लांबचं दिसतं, एवढीच साधी गोष्ट. आपल्या शेतातल्या माचाणासारखी.

मासा परत सोडायचा, पण कुठे?

याच गाइडांनी हळूहळू मासा सोडून द्यायची रीत पाडली. हिशोब सरळ होता. मेलेला बोनफिश एकदाच कामाचा. जिवंत सोडलेला पुढच्या गिऱ्हाइकासाठी, पुढच्या वर्षासाठी आणि पुढच्या पिढीसाठी. जे आधी व्यवहाराचं शहाणपण होतं, ते नंतर कायदा झालं. फ्लोरिडाच्या मतदारांनी १९९४ मध्ये किनाऱ्यालगतच्या मोठ्या जाळ्यांवर बंदी आणली. २०१३ मध्ये बोनफिश आणि टार्पन सोडून देणं सक्तीचं झालं. मध्य अमेरिकेतल्या बेलीझने तर २००९ मध्येच बोनफिश, टार्पन आणि पर्मिट या तिन्ही माशांबाबत हे केलं.

पण मासा सोडला तरी तो जगणार त्या पाण्यात. आणि इथे माझ्याच पेशाची माणसं येतात. फ्लोरिडा बेमध्ये गोडं पाणी यायचं ते ओकीचोबी सरोवराकडून, एव्हरग्लेड्सच्या गवताळ पाणथळीतून, अगदी संथ वाहत. १९२८ च्या वादळात ते सरोवर फुटून दोन हजारांहून जास्त माणसं बुडाली. म्हणून बंधारा झाला, १९४८ पासून कालव्यांचं प्रचंड जाळं झालं. ते खोदलं सैन्याच्या अभियंत्यांच्या दलाने. हेतू वाईट नव्हता. माणसं वाचवायची होती, शेती आणि शहरं वसवायची होती. पण दक्षिणेला जाणारं पाणी पूर्वेला आणि पश्चिमेला वळलं. खाडीत गोडं पाणी कमी पडलं, खारटपणा वाढला. १९८७ मध्ये फ्लोरिडा बेमधलं समुद्री गवत एकरामागून एकर मरायला लागलं. २०१५ मध्ये पुन्हा तेच झालं. गवत गेलं की खेकडे गेले, खेकडे गेले की मासे गेले.

हे सगळ्यात आधी कोणाला कळलं? रोज त्याच पाण्यावर उभं राहणाऱ्यांना. बोनफिश बाजारात विकला जात नाही, त्यामुळे किती मासे होते आणि किती उरले याची सरकारी नोंद जवळपास नव्हतीच. ऱ्हास कधी सुरू झाला हे शोधायला फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना शेवटी जुन्या गाइडांच्या मुलाखती घ्याव्या लागल्या. त्यांच्या आठवणी हाच पुरावा ठरला. त्याच विद्यापीठाने पुढे ९३ बोनफिश तपासले, तर सरासरी प्रत्येकात सात औषधांचे अंश सापडले. रक्तदाबाची, नैराश्याची, आपण रोज घेतो तीच औषधं, सांडपाण्यातून आलेली. २०२३ च्या अखेरीस कीजमध्ये मासे गोल गोल फिरून मरू लागले, तेव्हाही पहिल्या खबरा दिल्या त्या गाइडांनी आणि मासेमारांनी.

२००० मध्ये एव्हरग्लेड्सचं पाणी पुन्हा दक्षिणेकडे वळवण्याची मोठी सरकारी योजना मंजूर झाली. काम आजही चालू आहे, आणि ते करण्यात पुन्हा तेच अभियंत्यांचं दल आहे. २०१६ मध्ये फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गाइडांनी स्वच्छ पाण्यासाठी स्वतःची संघटना काढली. होडी रेटणारी माणसं आता सरकारदरबारी नकाशे घेऊन उभी राहतात.

माझा रिपोर्ट

त्या संध्याकाळी स्मारकापाशी मी 'ईश्वरी करणी' या शब्दांवर अडकून पडलो नव्हतो, कारण ते मी तेव्हा वाचलेच नव्हते. ते मला घरी परतल्यावर, चौकशीबद्दल वाचताना सापडले. वाचले आणि पुस्तक मिटलं.

कच्छच्या त्या रात्री मी रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: भरती-ओहोटीच्या अनपेक्षित बदलामुळे होडी अडकली. अनपेक्षित. कोणाला अनपेक्षित? मला. नावाड्याला नाही. त्याने तर सांगितलं होतं. पण त्याने सांगितलं होतं हे लिहिलं, तर मी ऐकलं नाही हेही लिहावं लागलं असतं. म्हणून तो नावाडी माझ्या रिपोर्टमध्ये नाही. त्याचं पागोटं नाही. त्याचं नावही नाही. खरं सांगायचं तर मी ते विचारलंच नव्हतं. सगळे त्याला 'चाचा' म्हणायचे, मीही म्हणायचो.

माझा जवान जगला, म्हणून माझी चूक एका ओळीत मिटली. मॅटेकंबेच्या छावण्यांमध्ये ते घडलं नाही. फरक शौर्याचा नाही, अकलेचा नाही. फक्त नशिबाचा आहे.

आता वरिष्ठपणाचा सल्ला देत नाही, एक विनंती करतो. तुम्ही जिथे असाल, तिथे नदी असेल, तलाव असेल, खाडी असेल. ते पाणी वाचणारं कोणीतरी असेल. कोळी असेल, भोई असेल, धीवर असेल. पुढच्या वेळी भेट झाली तर त्याला विचारा, पाण्याचं काय चाललंय. आणि नावही विचारा, लिहून ठेवा.

मी विचारलं नव्हतं.

जय हिंद.